घरात ठेवायचं कडवं

टॉमची लेक बॅबीन आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच चर्चमध्ये आमचा बाप्तिस्मा झाला. पुढं मी आयर्लंडातल्या आमच्या रोसकील गावाहून गॉलवे शहरापर्यंत पावाची गाडी चालवायला लागलो आणि ती गायला लागली. म्हणजे गात ती आधीपासूनच होती. समुद्रातलं शेवाळ कापताना, बटाटे काढताना, कुणी गेलं की प्रेताशेजारी बसून. साथीला वाद्य नाही, काही नाही. डोळे मिटायची, शेजारी बसलेल्याचा हात हातात घ्यायची आणि सुरू करायची. तो हात बहुतेक वेळा माझा असायचा. कडवं चढलं की माझी बोटं दुखायची.

तिच्या घराण्याचं एक गाणं होतं. १९१२ साली आमच्या गावचे सहा जण शेवाळ विकून परत येताना खाडीच्या तोंडाशी बुडाले. होडी मार्कसची. तो एकटाच वाचला. बॅबीनच्या आजोबांनी त्या सहा जणांवर विलाप रचला, प्रत्येकाच्या नावाचं एक कडवं. त्याशिवाय आणखी एक कडवं होतं, शेवटचं:

एका वल्ह्याला दोन हात, खाली खोल पाणी;
तिची बोटं सोडवून आलास, मार्कसा, कुठं ओनी?

ओनी त्या सहांतलीच, सतरा वर्षांची होती. वल्हं दोघांचा भार घेईना.

टॉमनं लेकीला गाणं शिकवलं तेव्हा बजावलं होतं, "हे कडवं आपल्या घरात ठेव. मार्कसचं घर आपल्यापासून चार बांधांवर आहे." सगळ्या गावाला कडवं ठाऊक होतं, पण चारचौघांत ते कुणी म्हणत नसे. मार्कसनं लग्न केलं, त्याला फेस्टी आणि डीलिया अशी दोन मुलं झाली. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला तो सगळ्यांत मागं उभा राहायचा. ओनीची आई जिवंत होती तोवर दर रविवारी त्याच्याशी हवापाण्याचं बोलायची.

१९५७ साली डब्लिनहून एक गृहस्थ जुनी गाणी जमवायला आले. बॅबीनच्या स्वयंपाकघरात त्यांनी आवाज टिपायचं यंत्र मांडलं. टॉम तोवर वारला होता. मी तिथंच होतो, हात द्यायला. तिनं सहा कडवी म्हटली. गृहस्थांचे डोळे भरून आले.

"बाई, असं गाणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही," ते म्हणाले. "एवढंच आहे का? याच्यापुढं काही?"

मी तिचा हात दाबला. तिला कळलं. तरी ती म्हणाली, "आहे एक."

पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, का म्हटलंस? ती म्हणाली, "कोलमन, माझ्या गळ्याचं कुणाला एवढं कौतुक वाटलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मागितलं असतं तर मी घरातली गायसुद्धा दिली असती."

पुढच्या मार्चमध्ये ते गाणं रेडिओवर लागलं. रविवारची दुपार होती, मिस्सा सुटल्यावर निम्मं गाव दुकानात. आपल्या बॅबीनचा आवाज म्हणून दुकानदारानं रेडिओ मोठा केला. मार्कस तंबाखू घ्यायला आला होता. सहाव्या कडव्यापर्यंत सगळे माना डोलवत होते. सातवं सुरू झालं तसं दुकानदारानं बटणाकडे हात नेला, पण मार्कस म्हणाला, "राहू दे. आता पूर्ण होऊ दे." त्यानं टोपी काढून ऐकलं. मग तंबाखू तिथंच ठेवून घरी गेला. त्यानंतर तो दाराबाहेर पडला नाही. मिस्सालाही नाही. नोव्हेंबरात गेला.

बॅबीन त्याच्या घरी बसायला गेली, तेव्हा फेस्टी दारात उभा होता.

"आत येऊ नकोस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

"फेस्टी, मी खोटं गायले नाही."

"खोटं कोण म्हणतंय? अगं, ते खरं आहे हे तुझ्या आजोबाला कळलं कसं? तिथं दुसरं होतं कोण? बाबा भिजल्या कपड्यांनी आधी ओनीच्या आईकडं गेला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तुझा आजोबा तिथं बसला होता. त्या बाईनं बाबाला चहा दिला. आणि तुझ्या आजोबानं गाणं केलं."

हे बॅबीनला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

ती परत फिरली. पण तोवर तिचं नाव झालं होतं, त्या गाण्याची तबकडी निघाली होती. डब्लिन, बेलफास्ट, मग लंडन, एकदा बोस्टन. कोट आला, चांगले बूट आले. कुठंही गेलं तरी लोक तेच गाणं मागायचे आणि सहा कडव्यांवर थांबली की ओरडायचे, "शेवटचं, शेवटचं." सुरुवातीला ती मान हलवायची. कार्यक्रम ठरवणारा माणूस म्हणाला, "लोक त्यासाठीच येतात, बाई. तुम्ही नाही म्हटलंत तर दुसरं कुणी तबकडीवरून शिकून म्हणेल." मग ती म्हणायला लागली. मी तिला दोष देत नाही. पण मी असतो तर म्हटलं नसतं, असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

फेस्टी १९६० साली लंडनला बोगदे खणायला गेला. तिथल्या कामावर आमच्याकडची माणसं पुष्कळ. कुणीतरी त्याला विचारलं, "तू रोसकीलचा ना? त्या गाण्यातला मार्कस तुझा कोण?" पुढं त्याचं नावच पडलं, वल्हेवाला. हे सगळं मला त्याच्या खोलीवरच्या माणसानं नंतर सांगितलं.

दोन वर्षांनी लंडनमधल्याच किलबर्नच्या एका हॉलमध्ये दुपारी बॅबीनचा कार्यक्रम होता. गाणं निम्म्यावर आलं आणि तिला फेस्टी दिसला. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. सहा कडवी झाल्यावर ती थांबली. हॉल ओरडायला लागला. तिनं त्याच्याकडं बघितलं.

फेस्टी उठून उभा राहिला. "म्हण की," तो म्हणाला. "ऐकायलाच आलोय."

तिथं तिचा हात धरायला कुणी नव्हतं. तिनं म्हटलं. संपेपर्यंत तो उभा होता, मग कुणाला धक्का लागणार नाही अशा बेतानं रांगेतून बाहेर पडला. लोकांनी टाळ्या किती वेळ वाजवल्या ते तिनं मला सांगितलं होतं. मी ते लिहीत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत फेस्टी त्याच्या खोलीत मेलेला सापडला. दारू, थंडी आणि न्यूमोनिया. पाच दिवस कुणाला पत्ता नव्हता. शवपेटी गॉलवेच्या स्टेशनवर आली, ती माझ्याच गाडीतून घरी आणली. पावाचे ट्रे काढून ठेवले होते. बॅबीन आली आणि बाहेर कुंपणाच्या भिंतीवर बसली. दुपारभर भुरभुर पाऊस होता. आत जा, असं तिला कुणी म्हणालं नाही आणि घरी जा, असंही नाही. आत कुणी गायलं नाही.

त्यानंतर ती गायली नाही. कार्यक्रमवाल्यांची पत्रं यायची, ती चुलीत घालायची. लग्न केलं नाही. चांगला कोट शेतात घालून घालून फाटला. १९८० च्या सुमाराला एक तरुण बाई डब्लिनहून गाणं शिकायला आली. बॅबीननं तिला दारातच सांगितलं, "सहा कडवी शिकवेन. सातवं नाही."

ती बाई सरळ मनानं म्हणाली, "सातवं मला येतंच. तबकडीवर आहे ना."

बॅबीननं दार लावून घेतलं.

शेवटी तिला घशाचाच आजार झाला. आवाज गेला, मग गिळणंही. जवळचं कुणी उरलं नव्हतं. एक दिवस मी गेलो तर डीलिया चुलीपाशी बसून दूध कोमट करत होती. फेस्टीची बहीण. तेवीस वर्षं ती बॅबीनशी एक शब्द बोलली नव्हती. ती चमच्यानं दूध पाजत होती आणि तोंड पुसत होती. 

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माफ केलंस तिला?"

"नाही."

"मग?"

"तिची चूल कोण पेटवणार? तू?" डीलिया म्हणाली आणि राखेची बादली घेऊन उकिरड्याकडं गेली.

सात आठवडे ती रोज येत होती. बॅबीन एका मंगळवारी सकाळी गेली. तेव्हा खोलीत डीलिया एकटीच होती. काय झालं, काही बोलणं झालं का, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाद्री म्हणाले, चर्चमध्ये तबकडी लावू या. गावातले काही हो म्हणाले. डीलियानं नको म्हणून सांगितलं आणि तिचं ऐकलं गेलं. आम्ही चौघांनी पेटी उचलली. हलकी होती.