सबुरीची घाई

ऑफिसात त्याला सगळे सबुरी म्हणत. कुणी काही काढून टाकायला सांगितलं, की 'जरा सबुरीनं घ्या' हे त्याचं ठरलेलं उत्तर. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एसी घरघरणाऱ्या बिनखिडकीच्या खोलीत, तो पेशंटांच्या माहितीचे सर्व्हर सांभाळायचा. घरी तरी काय वेगळं होतं? चार्जरची जुनी वायर टाकायची तर आधी चौघांना विचारणार. "तुमच्या कपाटात एक दिवस मीच सापडेन," असं बायको म्हणायची.

या स्वभावाचा हॉस्पिटलला फायदा व्हायचा, पण कौतुक कधी झालं नाही. जे बिघडलंच नाही, त्याची शाबासकी कोण देणार?

त्या दिवशी एक जुनी सर्व्हिस काढायची होती. सर्व्हिस म्हणजे माहितीकडे जाणारं दारच म्हणा. कुठल्या विभागानं कुठल्या दारानं यायचं ते ठरलेलं असतं. डायलिसिस विभागाला नवं दार करून दिलं होतं, सगळे पेशंट तिकडे हलवलेत असं विभागानं कळवलंही होतं. जुनं काढल्याशिवाय नवी यंत्रणा चढवता येत नव्हती. सबुरीनं ते काढायची कमांड दिली. जोडीनं चालणाऱ्या दोन सर्व्हरांवर, म्हणजे क्लस्टरवर, देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं एरर दाखवली: सर्व्हिस चालू आहे, आधी थांबवा. त्यानं एका सर्व्हरवर ती थांबवली, तर ती दुसऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून हुसकली, तर पुन्हा पहिल्यावर हजर. हाकललेल्या मांजरासारखं चाललं होतं.

कुणीतरी अजून त्याच दारानं येतंय, एवढं त्याला कळलं. एरवी त्यानं कोण ते शोधून काढलं असतं, फोनवर फोन केले असते. पण त्याच्या विभागप्रमुख मॅडम पाठीमागे येऊन उभ्या होत्या. "अहो, तुमच्या सबुरीपायी सगळं हॉस्पिटल खोळंबलंय," त्या म्हणाल्या, आणि खोलीतली मंडळी हसली. ते हसणं त्याला झोंबलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं असावं. जबरदस्तीनं काढायचाही एक पर्याय असतो. त्याला त्यानं आजवर हात लावला नव्हता. आज लावला. सर्व्हिस एका फटक्यात गेली. ना एरर, ना कुरकुर.

"बघा, जमतं की," मॅडम म्हणाल्या. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. डबाही त्यानं नेहमीपेक्षा चवीनं खाल्ला.

हात धुतोय तोच डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला. "अहो, आमच्या एका आजींचं नाव आज स्क्रीनवर आलंच नाही. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना परत पाठवलं."

सगळे हलवले होते, एक आजी जुन्याच दाराशी राहिल्या होत्या. त्यानं सर्व्हिस पुन्हा उभी केली. "आलं नाव," सिस्टर म्हणाल्या. "मी करते त्यांना फोन."

"नको. माझ्या हातून झालंय, मीच बोलतो."

फोन आजींनीच उचलला. "आजी, हॉस्पिटलमधून बोलतोय. तुम्हाला परत यावं लागेल."

"कशाला रे बाळा? माझं नाव यादीतून निघालं ना आता? ती मुलगी म्हणाली, नाव नाही म्हणजे गरज नाही. सुनेलाही सांगितलं, सुटले एकदाची त्या मशीनमधून." त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "तुला सांगू? घरी आल्या आल्या आधी पाणी प्यायले. मोजून नाही, घटाघटा. किती वर्षांनी."

किडनी काम करत नसली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, हे त्याला ठाऊक होतं. या बाईला तिच्याच आनंदातून ओढून काढायचं होतं, आणि तेही त्यानंच.

"आजी, चूक माझी झाली. तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. गाडी पाठवतोय, लगेच या."



"म्हणजे मी बरी नाही झाले?"

"नाही, आजी."

"असू दे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "ग्लासात थोडं राहिलंय रे. तेवढं पिऊ का?"

"नको, आजी," तो म्हणाला. "ठेवा ते खाली."