तोंडात शेवटचं काय गेलं?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांइतका लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. लग्नात सगळे नवरदेवाचा फेटा बघतात, हे त्याची मान बघतात. "आखूड आहे. श्वासाची नळी घालताना घाम फुटेल," असं माझ्या कानात सांगून मग अक्षता टाकतात. जिन्यात भेटले की 'कसे आहात' नाही, "तोंडात शेवटचं काय गेलं?" असं विचारतात. मीही मुकाट्याने "शेंगाचटणी-भाकरी" म्हणून जबाब देतो. त्यांच्या या प्रश्नाला कारण आहे. आपल्याकडे ऑपरेशनला उपाशी या म्हटलं की माणसं उपास धरून येतात, म्हणजे साबुदाण्याची खिचडी रीतसर खाऊन. भूल दिल्यावर ती उलटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

मध्यंतरी त्यांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी आपणहून काम थांबवलं. आपली विद्या आपल्याबरोबर जाऊ नये, या एकाच ध्यासाने ते शिकाऊ डॉक्टरांसाठी धडे चित्रित करून इंटरनेटवर टाकू लागले. पेशंट मी. नवी पेठेतलं कापडाचं दुकान वाऱ्यावर सोडून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आ वासून पडायचं. मोबाइल वहिनींच्या हातात, त्यात कुकरच्या शिट्ट्या. पाहणारे बहुधा आम्ही तिघंच. "शेठ, हे कुणापर्यंत पोचतंय का?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी पुन्हा आ वासून पडलो.

परवा अक्कलकोटजवळ राहणारी माझी आक्का पडली. हाताचं ऑपरेशन ठरलं. भूल द्यायला कोवळी डॉक्टरीण आली. आक्काने न विचारताच सांगितलं, उपाशी हाय. पोरगी तिच्याजवळ बसली.

"बरं मावशी, पण तोंडात शेवटचं काय गेलं?"

"काय न्हाय की. उपास हाय. मगाशी वाटीभर भगर तेवढी."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि नीट पार पडलं. हा प्रश्न कुठे शिकलात, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही ते टेबलावरचे काका ना?" कुणीतरी ते धडे इंटरनेटवरून उतरवून घेतले होते आणि शिकाऊ डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरवले होते. माझा जबडा सगळ्या बॅचला तोंडपाठ होता.

घरी येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरून ते ऐकत राहिले. हा माणूस आता कुणालाच भूल देणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, त्या पोरीचा हात कसा होता.

"स्थिर होता, डॉक्टर," मी म्हणालो. "अगदी स्थिर."