डबल मारलेलं नाणं

बाबा नाणं हातात घेतलं की आधी त्याची कड बघायचे. चित्र नंतर, आकडा त्याच्याही नंतर. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हतं, त्यामुळे अंगठा आणि अनामिका यांच्यात नाणं धरून ते डाव्या हाताने फिरवायचे. "हे पाहा बाई, चकती साच्यात नीट बसलीच नव्हती, तेवढ्यात वरून ठोका पडला," असं म्हणायचे. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, तिकडे मुलीला लाडाने बाई म्हणतात. पुण्यात विश्रांतवाडीत जन्म गेला तरी बाबांचं ते सुटलं नाही. ते असं काही सांगू लागले की त्या दिवशी टांकसाळीत हे स्वतः उभे होते की काय, असंच वाटायचं.

एका अर्थी होतेच. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते प्रेस चालवायचे. पत्र्याची चकती साच्यावर ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका पडला की तयार भाग हाताने काढायचा आणि पुढची चकती ठेवायची. दिवसभर तेच. मी चौथीत होते तेव्हा एका सकाळी तयार भाग काढायला त्यांचा हात आत गेला आणि प्रेस पुन्हा खाली आली. बाबांचं म्हणणं एकच होतं. पाय पेडलवर नव्हता, प्रेसने आपोआप डबल मारला. चौकशीच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं, कामगाराची चूक.

त्या कागदावर बाबांनी सही केली नाही. उजव्या हाताला पट्ट्या आहेत, डाव्या हाताचा अंगठा द्या, असं साहेबांनी सुचवलं. बाबा म्हणाले, "अंगठा शाबूत आहे, पण तो या कागदावर उठणार नाही." झालं. प्रेसवरून काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, पगारवाढी अडल्या, बरोबरीचे लोक पुढे गेले. घरी कुणी पाहुणा आला आणि त्याची नजर हाताकडे गेली की बाबा त्याने विचारायच्या आत सांगायचे, प्रेसने डबल मारला. आई या वाक्याला विटली होती. "बोटं गेली ती गेली, आता जीभ कशाला झिजवता?" असं तोंडावर म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच सांगायचे.

मग ते दिवस आले. कारखान्याच्या गेटवर स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या लागायच्या, आणि स्वेच्छा नक्की कुणाची, हे विचारायचं नसायचं. बाबांचं नाव पहिल्याच यादीत होतं. पुढे मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर त्यांना कारकुनी मिळाली. तिथे चिल्लर हातातून जायची आणि तिथेच त्यांना पहिलं चुकलेलं नाणं सापडलं. एक रुपयाचं, ठसा एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या बाजूला नुसतं कोरं पोलाद. गाळेवाला म्हणाला, हे कुणी घेणार नाही, टाकून द्या. बाबांनी खिशातला चांगला रुपया गल्ल्यात टाकला आणि ते नाणं घरी आणलं.

त्यानंतर दर रविवारी जुना बाजार. जमिनीवर पथारी टाकून बसणारे नाणीवाले त्यांना ओळखायला लागले. घरी आल्यावर मला समोर बसवून समजावायचे. साच्याला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ उठते. आधीचं नाणं वरच्या साच्याला चिकटून राहिलं तर पुढच्या नाण्याला एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट मिळतं. "मोदकाच्या साच्यात आधीची उकड चिकटली की पुढच्याच्या कळ्या कशा बिघडतात, तसं," असं ते आईला सांगायचे. आई म्हणायची, माझे मोदक बिघडत नाहीत.

पण बाबांना हवं होतं ते यातलं कुठलंच नाणं नव्हतं. त्यांना डबल मारलेलं हवं होतं. एकाच नाण्यावर दोन ठोके. टांकसाळीतली प्रेससुद्धा दोनदा खाली येते, हे हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी. कारखाना बंद पडला होता, चौकशी करणारे साहेब कुठे होते कोण जाणे. दाखवणार कुणाला? पण शोध चालूच होता.

मी तोवर एका आयटी कंपनीत टेस्टर झाले होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती तपासायची आणि शेवटी शेरा मारायचा. प्रोग्रॅमचा दोष, नाहीतर यूजर एरर, म्हणजे वापरणाऱ्याची चूक. हा दुसरा शेरा मी पटापट मारायचे. त्यासाठी कौतुकही व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एका रविवारी बाबा जुन्या बाजारातून आले ते पाणीही न पिता थेट माझ्याजवळ. मी घरी कंपनीचं काम घेऊन बसले होते, सोमवारची डेडलाइन डोक्यावर होती. त्यांनी कीबोर्डवरच भिंग ठेवलं आणि कागदाच्या पुडीतून दोन रुपयांचं नाणं काढलं. एक ठसा नीट मधोमध, आणि त्याच्यावर चढलेला दुसरा, अर्धवट.

"बघ. सरकारी प्रेस आहे. तीपण डबल मारते."

मी इंटरनेटवर हे सगळं वाचलेलं होतं, म्हणून मान वर न करता सांगितलं, "बाबा, तसं नाहीये ते. टांकसाळीतली प्रेस चालूच असते, ती ठरल्याप्रमाणेच खाली आली. पहिल्या ठोक्यानंतर नाणं बाहेर पडायला हवं होतं, ते पडलं नाही. जे तिथे असायला नको होतं ते तिथे राहिलं. यात प्रेसची काय चूक?"

बाबा म्हणाले, "म्हणजे माझा हात."

"मी नाण्याबद्दल बोलतेय."

"हो. पण अशी तक्रार तुझ्याकडे आली असती तर तू काय लिहिलं असतंस?"

मला काम संपवायचं होतं. "यूजर एरर," मी म्हटलं.

त्यांनी नाणं पुडीत गुंडाळलं. "तू शिकलेली आहेस, तुला कळतं," एवढंच म्हणाले आणि भिंग उचलून आत गेले. पुढच्या रविवारी ते जुन्या बाजारात गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

कुठल्याही तक्रारीत आम्ही पहिला प्रश्न विचारतो, त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करत होता? ओळख ना पाळख अशा माणसांना मी तो फोनवर रोज विचारायचे. बाबांना कधीच विचारला नाही. पेडलची स्प्रिंग तुटली तर प्रेस आपोआप पुन्हा मारते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी एका इंजिनिअरने सहज बोलता बोलता सांगितलं. तेव्हा बाबा नव्हते.

ते असताना एक संधी मला मिळाली होती. माझं लग्न ठरत होतं, सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली होती. चहा झाला. होणाऱ्या सासूबाईंची नजर बाबांच्या हाताकडे गेली. या वेळी बाबा आपणहून काही बोलले नाहीत, तेव्हा सासूबाईंनीच हळू आवाजात विचारलं, "अहो, हे कसं झालं?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मलाही पुढचं वाक्य पाठ होतं. बाबांनी हात मांडीवर उताणा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "माझीच चूक. प्रेस चालू असताना हात घातला."

कारखान्याने पगारवाढी अडवूनही जो अंगठा त्यांनी उठवला नव्हता, तो त्यांनी माझ्या शब्दावर उठवला. मी तिथेच बसले होते. नाही, प्रेसने डबल मारला, एवढंच म्हणायचं होतं. मी सासूबाईंना आणखी चहा हवा का, ते विचारलं.