ब्रिजटाउनला निघालेली गॉलवेची बस

परदेशात शिकायला गेलं की जग खुलं होतं, असं आयर्लंडमधल्या ॲथलोनला येण्याआधी मला सगळ्यांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांपैकी कुणीही भारतीय पासपोर्ट घेऊन फिरलेलं नव्हतं. वर्गातली आयरिश पोरं शुक्रवारी लेक्चर संपवून पॅरिसला जातात आणि सोमवारी डोकं धरून परत येतात. आम्हाला पॅरिससाठी व्हिसा लागतो, व्हिसासाठी अपॉइंटमेंट लागते आणि अपॉइंटमेंटसाठी नशीब लागतं. शेवटी आमच्या पुणेकर मैत्रिणीने प्रश्नच उलटा केला. कुठे जायचंय ते सोडा, आपल्याला दारात कोण उभं करतं ते आधी बघा.

त्यात बार्बाडोस निघालं. व्हिसा नको, काही नको. बँक हॉलिडेच्या वीकेंडला त्याची राजधानी, ब्रिजटाउन, बघून यायचं ठरलं.

"शेजारच्या गावात जाता येत नाही म्हणून अख्खा समुद्र ओलांडून चाललो बे आपण," माझा नागपूरचा रूममेट म्हणाला, आणि हाफ पँट विकत घ्यायला गेला.

सांगलीला बाबांना हे कळलं आणि माझ्यापुरती ही गोष्ट गमतीची राहिली नाही. बाबांनी तरुणपणी वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवर जीव टाकलेला. स्वतःच्या लग्नाला कोण आलं होतं ते त्यांना आठवत नाही, पण ब्रिजटाउनच्या मैदानावर कोण कसा बाद झाला ते विचारा. "गेटसमोर उभा राहा आणि व्हिडिओ कॉल कर," ते म्हणाले. "आत सोडलं तर आत जा. नाहीतर नुसतं गेट चालेल." या माणसाने माझ्याकडे कधी साधं चॉकलेट मागितलेलं नाही. बाकी सहल खड्ड्यात गेली तरी चालेल, पण तो कॉल व्हायलाच हवा होता.

तयारी मात्र अशी झाली की जणू आम्ही दिग्विजयालाच निघालो होतो. मैत्रिणीने ब्रिजटाउनचे पॉइंट पाडले. माथेरान असो की बार्बाडोस, आपण मराठी माणसं गाव बघत नाही, पॉइंट करतो. ॲथलोनच्या मराठी ग्रुपवर घोषणा झाली, शुभेच्छांचा पाऊस पडला. एका ताईंनी सनस्क्रीनची बाटली दिली. आयर्लंडला आल्यापासून त्यांना ती उघडायची वेळच आली नव्हती. शिवाय तिकडे काय खायला मिळतंय कुणास ठाऊक, म्हणून बॅगेत चिवडा आणि थालीपिठाची भाजणी होती. भाजणी तिथे कशावर थापणार, हे कुणी विचारलं नाही.

डब्लिन विमानतळावरच्या काउंटरवरचा माणूस फार गोड होता. त्याने आमचे पासपोर्ट चाळले आणि म्हणाला, "बार्बाडोससाठी यू आर ग्रँड." इकडे ग्रँड म्हणजे सगळं ठीक. आम्ही खुशीत बॅगा पट्ट्यावर चढवायला लागलो. "लंडनचं मात्र अवघड आहे," तो म्हणाला.

कारण आमच्या हुशार मैत्रिणीने डब्लिन ते लंडन एक तिकीट काढलं होतं, आणि पुढचं दुसरं, लंडनच्या दुसऱ्याच विमानतळावरून. मधलं लंडन आम्ही टॅक्सीतून बघत जाणार होतो. त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो, हे आमच्यापैकी एकाही पदवीधराच्या डोक्यात आलं नव्हतं. जिथे जायचं तिथली चौकशी केली, वाटेत कुणाचं अंगण लागतंय ते बघितलंच नाही.

"आपल्याकडे आले तेव्हा त्यांनी कुठला व्हिसा काढला होता बे?" रूममेटने विचारलं. काउंटरवरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, तरी तो सहानुभूतीने हसला.

आता ॲथलोनला परतायचं कुठल्या तोंडाने? ग्रुपवर तर आम्ही एव्हाना अटलांटिकवर होतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेची बस ॲथलोनमधूनच जाते, तेव्हा आमचा स्टॉप आल्यावर आम्ही खिडकीखाली वाकून बसलो आणि थेट गॉलवेत उतरलो.

दुसऱ्या दिवशी गॉलवेत बारीक पाऊस होता आणि समुद्र लोखंडाच्या रंगाचा होता. तिथली माणसं किनाऱ्याने चालत जातात, टोकाच्या भिंतीला लाथ मारतात आणि परत फिरतात. तसा रिवाजच आहे. रूममेटने हाफ पँटमध्ये कुडकुडत त्या भिंतीला इतक्या लाथा मारल्या की एक आजोबा थांबून बघायला लागले. मैत्रीण मात्र सावरली होती. "काकांना काय, एखादं हिरवं मैदान दाखव. फोन हलवत राहा आणि मग नेटवर्क गेलं म्हण."

मी तिच्यावर भडकलो. ग्रुपला काय थापा मारायच्या त्या मार म्हटलं, माझ्या बाबांना नाही. मग तिथेच, त्या भिंतीपाशी, ठरल्या वेळेला मी व्हिडिओ कॉल लावला.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी त्यांचे फिरायला जाणारे दोन मित्र, समोर बशीत भजी.

"काय रे, थंडी आहे का तिकडे? कानटोपी कशाला?"

मी सगळं सांगून टाकलं. मित्रांपैकी एकजण म्हणाला, "आणि हे पोरगं परदेशात मास्टर्स करतंय म्हणे!" सगळे खूप हसले. बाबाही हसले. मग ते फोन घेऊन गॅलरीत आले आणि दार ओढून घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नको," ते म्हणाले. "गेट कुठे पळून जात नाही."

"सॉरी बाबा. तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं."

"ते तर काय, गेट दाखव म्हणणं सोपं होतं म्हणून." त्यांनी दोरीवरचा टॉवेल सरळ केला. "मलाही ने, असं म्हणायला जीभ रेटेना."

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. गेट बघायला बाबांना माझा फोन पुरेल, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

"बाबा, आपण जाऊ," मी म्हणालो. "पण आधी तुम्हाला पासपोर्ट काढायला लागेल."

"काढलाय," बाबा म्हणाले. "तू गेलास ना, त्याच महिन्यात."