वरचं वरण

देवळीत बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत काटकसरीचा विषय निघाला की बाया दीपमालाचं नाव घ्यायच्या. रुपेशचं काम गेल्यापासून तर जास्तच. रुपेश म्हणजे तिचा नवरा. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीजवळ नऊ वर्षं राबला, तोही ठेकेदाराच्या हाताखाली. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली आणि जुन्या चाळीस जणांना गेटवरूनच परत पाठवलं. तेव्हापासून कधी गोदामात पोती उचलायचं काम, कधी सेंट्रिंगचं, कधी काहीच नाही.

दीपमालानं त्याच आठवड्यात घर आवळलं. दूध बंद झालं, चहा कोरा झाला. अंडी आणि शेंगदाणे यादीतून गेले. तेलासाठी तिनं खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण धुऊन ठेवलं होतं. एका भाजीला एकच झाकण. आठवडी बाजारात ती दिवे लागताना जायची, कारण तेव्हा भाजीवाल्या घरी निघायच्या घाईत असतात आणि मऊ पडलेली भेदरं म्हणजे टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी ढिगानं देऊन टाकतात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला पडायचा, उरलेल्या पोळीचा कुस्करा व्हायचा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवड्याचा तक्ता होता. सोमवारी वरण-भात, मंगळवारी चून-भाकर म्हणजे पिठलं-भाकरी, बुधवारी आलूचा रस्सा, असं पुढे. तक्ता मयुरीच्या अक्षरात होता. मयुरी ही तिची एकुलती एक पोरगी, नववीत शिकणारी. आईनं सांगायचं आणि तिनं लिहायचं, खाली लाल पेनानं रेघ मारायची. दूध बंद झालं त्या दिवशी तीच म्हणाली होती, "मले तसंबी दूध नाई आवडत."

दीपमालाला तेव्हा पोरीचं फार कौतुक वाटलं होतं.

फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली. खो-खो खेळताना मयुरी दोनदा मैदानातच बसली, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते, दवाखान्यात दाखवा. दीपमालानं दुसऱ्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बोट टोचलं, रक्त घेतलं, तासाभरानं कागद आला. डॉक्टर मॅडम वयानं लहानच होत्या. त्यांनी कागद पाहिला, मयुरीची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. बारा असायला हवं. ही शाळेत चालत कशी जाते?"

"चालते ना," दीपमाला म्हणाली. "काई तक्रार नाई करत."

"जेवते काय?"

मयुरीनं पाठ केलेल्या कवितेसारखा तक्ता म्हणून दाखवला. सोमवारपासून रविवारपर्यंत. आवाजात जरा ऐटच होती तिच्या, कारण तक्ता तिचा होता.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वरण घट्ट असतं की पातळ?"

"पप्पाले घट्ट," मयुरी म्हणाली. "मले अन् आईले वरचं."

दीपमालाच्या कानशिलांत रक्त चढलं. "मॅडम, आमी पोरीले उपाशी नाई ठेवत. दोन टाइम जेवते ते. मी एका मुठीच्या दाळीत सासूसकट चौघांचं भागवतो. तुमाले काय माहीत, बिना कामाचं घर कसं चालते ते?"

"मला नाही माहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून दीपमालाला आणखीच राग आला. "पण घट्ट वरण कुठं जातं ते तुमच्या मुलीला माहीत आहे. आज सलाइनमधून औषध देते. पुढं रोज गोळी, अंडं, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाणे. आणि वरण खालचं."

सलाइन थेंबाथेंबानं उतरत होतं तेवढा वेळ दीपमाला लोखंडी स्टुलावर बसून राहिली. आधी मॅडमवर चडफडली. अंडी लिहून द्यायला काय जातं यांचं! मग हळूहळू राग जागा शोधत तिच्या स्वतःच्या हाताशी आला. वरणाचा डाव तर तिच्याच हातात असायचा. रुपेशला वाढताना तो गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी जायचा, सासूला वाढताना मध्यात, आणि मयुरीच्या ताटाशी आला की वरच्यावर फिरायचा. रुपेश भट्टीवर जायचा तेव्हाची ही सवय. बारा तास आगीपाशी उभं राहणाऱ्याला दाळ पाहिजेच. पण भट्टी सुटली त्याला चार महिने झाले. ताट तेच राहिलं होतं. घरात सगळं तिनं कापलं होतं, त्या एका ताटाला हात लावायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि आणखी एका गोष्टीला. घरखर्चाच्या पैशातून ती सगळ्यात आधी 'ह्यांचे' म्हणून रोजचे नव्वद रुपये बाजूला ठेवायची. मग किराणा, मग सरपण, मग उरलं तर भाजी.

ते नव्वद रुपये कुठं जातात ते तिला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

दुपारी मायलेकी बसस्टँडवरून परत निघाल्या तेव्हा मुकेशच्या पानठेल्यावर रुपेश उभाच होता. मुकेश सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन खर्रा घोटत होता. बाकड्यावर आणखी चार-पाच जण बसले होते. दीपमाला या ठेल्यापुढून पंधरा वर्षं मान खाली घालून गेली होती. आज ती थांबली.

"मुकेशभाऊ, केवढ्याचा हाय हा?"

मुकेश गडबडला. "तीसचा, वहिनी."

"अन् दिवसाचे किती घेते हे?"

मुकेशनं रुपेशकडे पाहिलं. रुपेशनं रस्त्याकडे.

"सांगा ना वो. मी काई भांडाले नाई आली. हिशेब विचारून राह्यली."

"तीन," बाकड्यावरचं कुणीतरी हसत म्हणालं.

"तीन," दीपमाला म्हणाली. "एकात चार अंडे येते. म्हणजे बारा अंडे रोज थुंकते हा माणूस. अन् हे पोट्टी पाहा. पाहा हिच्या डोळ्यात. पांढरी पडली. सहा पॉइंट आठ रक्त हाय हिच्या अंगात."

"घरी चाल," रुपेश दातओठ खात म्हणाला. "तमाशा करून राह्यली तू रस्त्यावर."

"हो, करून राह्यली! चार महिने घरात मुकाट्यानं केलं ना सगळं? तेव्हा कोणाले दिसलं? तेलाचं झाकण मोजलं मी. लोकाच्या शेतातून हरभऱ्याचा पाला खुडून आणला. तुमाले कधी म्हटलं का, आज एक खर्रा कमी करा? म्हटलं का कधी? नाई म्हटलं. तेच चुकलं माहं."

बाकड्यावरचं हसू थांबलं होतं. मयुरी आईचा पदर ओढत होती. तिला रडू फुटलं होतं आणि लाजही वाटत होती. रुपेशनं पन्नी तिथंच टाकली आणि ताडताड चालता झाला, घराच्या उलट्या दिशेला.

घरी सासू कांताबाई दारातच बसल्या होत्या. बातमी दीपमालाच्या आधी पोचली होती.

"माणसाची इज्जत काढली म्हणते तू रस्त्यावर," त्या म्हणाल्या. "काम नाई हाताले त्याच्या. तेवढाच जीव रमवते तो."

"अन् हिचा जीव, आई?"

"पोरीची जात काटक असते. माह्या दोघी लेकी अशाच वाढल्या."

"अशाच वाढल्या म्हणूनच तर!" दीपमाला ओरडली. सासूवर ती लग्नानंतर पहिल्यांदा ओरडत होती. "तुमच्याच लेकीचं, जयाताईचं बाळंतपण इसरल्या का तुमी? दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तासाठी वर्ध्याले कोण धावलं होतं? मीच ना?"

कांताबाई उठून आत गेल्या आणि चुलीपाशी पाठ करून बसल्या.

त्या संध्याकाळी वरण होतं. दीपमालानं डाव बुडाशी घातला आणि पहिलं ताट मयुरीला दिलं. रुपेश उशिरा आला, वाढलेल्या ताटाकडे त्यानं पाहिलं. वरण पातळ होतं. त्यानं ताट सरकवलं आणि उपाशी झोपला. दीपमालानं ते झाकून ठेवलं. समजूत काढायला गेली नाही.

नऊ दिवस दोघं बोलले नाहीत. नव्वद रुपये तिनं बाजूला ठेवले नाहीत. रुपेशनं मागितलेही नाहीत, पण घर त्यानं डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, मयुरीवर खेकसला, तंबाखू न मिळाल्यानं रात्री तळमळत राहायचा. दीपमालाला त्याची कीव यायची आणि लगेच त्या किवेचाही राग यायचा. दहाव्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"जाम गावच्या चौरस्त्यावर एका हॉटेलात माणूस पाह्यजे म्हणते," तो म्हणाला. "भांडे, टेबल, जे पडन ते. जाऊ का?"

"मले काऊन विचारता? जा."

"डबा दे मंग."

तिनं डबा दिला. डब्यात चून होतं, भाकर होती. त्यानं उघडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि बस पकडायला गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बचत गटाच्या अध्यक्ष चतुराबाई घरी आल्या. महिला दिनाचा कार्यक्रम होता, बँकेचे साहेब येणार होते, आणि काटकसरीच्या संसारावर दीपमालानं चार शब्द बोलावेत असं ठरलं होतं. बक्षीसही होतं.

"मी नाई येत," दीपमाला म्हणाली.

"काऊन व? तुह्यासारखं कोण बोलन?"

"चतुराबाई, मी बचत केली ना, ते माह्या पोरीच्या अंगातून केली. साहेबाले हे सांगू का स्टेजवर? हे ऐकून टाळ्या वाजवतीन का ते?"

चतुराबाईंना राग आला. चहा न घेताच त्या गेल्या. बक्षीस दुसऱ्या बाईला मिळालं, आणि गल्लीत दीपमालाला शिष्ट म्हणायला सुरुवात झाली. ती ऐकून घ्यायची. गल्लीतल्या इतर पोरींकडे मात्र आता तिची नजर जायची. कोणाच्या नखांचा रंग कसा आहे, कोण पायरी चढताना थांबते, हे दिसायचं आणि तिचं डोकं पुन्हा तापायचं.

रुपेश जामच्या हॉटेलात रुजला. खर्रा सुटला नाही, तीनचा एक झाला, तोही चोरून. तिला वासावरून कळायचं. पण पगार झाला की आधी अंड्यांचा ट्रे घरात यायचा, तो स्वतःच आणायचा. कांताबाई गूळ-दाण्यांचे लाडू वळून डब्यात ठेवायच्या. सुनेशी त्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, पण रोज दुपारी मयुरीला हाक मारून हातावर लाडू ठेवायच्या.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. मयुरीचं रक्त दहाच्या वर गेलं होतं. डॉक्टर मॅडमना बरं वाटलं. कागदावर सही करता करता त्या थांबल्या. "आता तुमचा हात द्या."

"मले काय झालं?"

"काही झालं नसेल. द्या तरी."

दीपमालाचं सात पॉइंट एक निघालं. ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. तीन महिने ती पोरीच्या ताटावर डोळा ठेवून होती. गंजाच्या बुडाचं मयुरीला, मधलं नवऱ्याला आणि सासूला, आणि वरचं तिला. तिच्या स्वतःच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मयुरी घरापर्यंत ओठ आवळून पुढं पुढं चालत राहिली. घरी येऊन तिनं चुलीवर गंज ठेवला, अंडी उकडली आणि दोन सोलून आईपुढं ठेवली.

"एक पुरे मले," दीपमाला म्हणाली. "तू खा दुसरं."

मयुरीनं गंज असा आपटला की कांताबाई आतून बाहेर आल्या.

"पुरे म्हणू नको! पप्पाले ठेल्यावर जाऊन बोलली, आजीले बोलली, चतुराबाईले घरातून काढलं. अन् स्वतःले काई बोलली का तू? मले खाऊ घालून राह्यली अन् स्वतः मरून राह्यली. मंग मी कोणाले बोलू? सांग ना, कोणाले बोलू मी?"

पोरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. दीपमालानं अंडं उचललं, मीठ लावलं आणि खाऊ लागली. मयुरी कमरेवर हात ठेवून, दुसरं संपेपर्यंत समोर उभी राहिली.