शुक्रवारपर्यंतची सफरचंदं

रेजिनाचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या दार्सैतच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीवरून मालकाशी वाद घालत होते. वसईहून फोन, तोही भर सकाळी, म्हणजे काहीतरी वेगळं असणार हे कळायला हवं होतं. पण मी वादात जिंकत आले होते. "वहिनी, इनास गेला," ती म्हणाली. "जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही." मी जुडी खाली ठेवली. मग तीच म्हणाली, "टोपली तुमच्याकडेच आहे ना?" नवरा गेल्याच्या दिवशी टोपलीची चौकशी करणारी बाई दुसऱ्या कुणाला विचित्र वाटली असती. मला नाही वाटली. "आहे, बाल्कनीत आहे," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी रडलो. दुकानदाराने कोथिंबीर पिशवीत घालून दिली.

इनास वसईचा, ख्रिस्ती, शेतकऱ्याचा मुलगा. मस्कतच्या एका हॉटेलात भाजी-फळांचं कोठार सांभाळायचा आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्याने आमच्याशी ओळख वाढवली ती आमच्या गाडीसाठी, हे मी त्याच्या तोंडावरही सांगत असे आणि तो ते नाकारत नसे. जबल अखदरच्या डोंगरावर जायचं तर पायथ्याच्या चौकीवर पोलीस आधी गाडी बघतात. फोर बाय फोर नसेल तर आल्या वाटेने परत. इनासची गाडी चढावर धापा टाकणारी. श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नवी गाडी आणली त्याच संध्याकाळी हा सुकेळ्यांची, म्हणजे वसईच्या सुकवलेल्या केळ्यांची, पुडी घेऊन दारात हजर. "वहिनी, सफरचंदं तोडायला येणार का?" मी म्हटलं, सफरचंदं खाली सुपरमार्केटात मिळतात, त्यासाठी डोंगर कशाला चढायचा. "ती खोक्यातली," इनास म्हणाला. "वसईला मी केळी बघितली, पानवेल बघितली, भात कापला. सफरचंद आपलं खोक्यातच जन्माला येतं असं वाटायचं. आता इथे झाडावर आहे म्हणतात, तर बघून घेऊ."

मला डोंगर लागतो, घाटात उलटी होते आणि निसर्ग पाहून भरून वगैरे येत नाही. तरी गेले, कारण सुकेळी फार चांगली होती. वर नासर नावाच्या म्हाताऱ्या ओमानी शेतकऱ्याची बाग होती. पायऱ्यापायऱ्यांची जमीन, दगडी पाटातून खळखळणारं पाणी, डाळिंबांनी वाकलेली झाडं आणि एका कडेला सफरचंदाची ठेंगणी झाडं. सप्टेंबर संपत आलेला, फळ उरलंसुरलं. इनासने वसईहून आणलेली बांबूची टोपली खाली ठेवली, बूट काढले आणि अनवाणी झाडाजवळ गेला. फळ ओढायचं नाही, तळव्यात घेऊन जरा वर उचलायचं, पिकलं असेल तर आपणच येतं, हे तो आम्हाला असं समजावत होता जणू वाडवडील सफरचंदंच पिकवत आले. त्याचंही ते आयुष्यातलं पहिलंच होतं. ते हातात आल्यावर मात्र तो ते उलटसुलट करून बघतच राहिला.

मी माझं फळ पदराला पुसून तोंडापाशी नेलं, तेवढ्यात हा ओरडला, "वहिनी, नाही." आणि तिथे मला आगेरा कळला. वसईत ऑक्टोबरात नव्या पिकाचा सण असतो. नवं भात वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, आणि त्याआधी नवं कुणी तोंडात घालत नाही. इनास विशीत आखातात आला. सुट्टी मिळायची ती उन्हाळ्यात. आगेरा यायचा ऑक्टोबरात. तेव्हापासून त्याला एकही आगेरा मिळाला नव्हता. "भात इथे कुठून आणू? पण हाताने तोडलेलं काहीतरी तरी देवापुढे ठेवू," तो म्हणाला. हे ऐकल्यावर कुणाचंही मन द्रवलं असतं. माझंही द्रवलं, पण भूक लागलेली होती आणि गाडीभर सफरचंदांचा वास कोंडलेला होता. तो परतीचा घाट मी विसरणार नाही.

त्या काळी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, आणि इथला रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली साप्ताहिक उपासना, शुक्रवारीच होतो. म्हणजे गुरुवारी तोडा, शुक्रवारी आशीर्वाद घ्या, एका रात्रीचा प्रश्न. इनास टोपली घेऊन वेदीपाशी गेला. तेव्हाचे फादर होते केरळचे, त्यांना आगेरा ठाऊक नव्हता. त्यांना वाटलं, भक्ताने प्रेमाने फळं आणलीत. "थँक यू, ब्रदर," म्हणून त्यांनी टोपली थेट स्वयंपाकघरात पाठवली. इनास बाहेर उभा. देवाला दिलेलं परत कसं मागायचं आणि न मागून शेजाऱ्यांना काय सांगायचं, अशा पेचात. शेवटी रेजिना आत गेली आणि टोपली सोडवून आणली. त्यातली दोन सफरचंदं फादरनी आधीच खाल्ली होती. "चालतंय," इनास म्हणाला. "त्यांच्या पोटात आशीर्वाद असतोच." घरी येऊन आम्ही उरलेली कापली, तर सगळी आंबटढाण. इतका उपास करून शेवटी रेजिनाने त्यांचं लोणचं घातलं.

पुढच्या वर्षी खरा प्रसंग आला. नासरला एव्हाना आम्ही पाहुणे झालो होतो. त्याने सतरंजी अंथरली, कहवा ओतला, आणि स्वतःच्या हाताने सफरचंद कापून फोड इनाससमोर धरली. "खाओ," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. ओमानी यजमानाने दिलेला घास नाकारायचा म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणं, आणि खायचा तर आगेरा बाटला. इनासने फोन काढला, फादरना विचारायला, पण डोंगरात रेंज कुठली. म्हाताऱ्याचा हात तसाच पुढे. मी श्रीकांतला कोपर मारलं, आता तूच काहीतरी बोल म्हणून, तर तो माणूस डाळिंबं न्याहाळायला लागला. नासरला वाटलं, पाहुणा लाजतोय. त्याने धीर द्यायला स्वतः मोठ्याने "बिस्मिल्ला" म्हटलं आणि फोड आणखी पुढे केली. इनासचा चेहरा उजळला. "चाचा, ये अल्ला का नाम लिया ना? फल के ऊपर?" नासर म्हणाला, "और किसका लूँ?" इनास आमच्याकडे वळला. "खलास. आशीर्वाद झाला. खा, वहिनी." आणि त्याने फोड तोंडात टाकली. पुढे त्याने हे फादरना सांगितलं, तेव्हा फादर हसत म्हणाले की या बाबतीत वरिष्ठांना न विचारलेलंच बरं. तेव्हापासून नियम ठरला. डोंगरावर नासरच्या हातची एक फोड. बाकी सगळं चर्चनंतर.

मग सरकारने सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवारची केली आणि आमच्या नशिबी नवा ताप आला. आता शुक्रवारी चर्च, शनिवारी डोंगर, आणि सफरचंदं पुढच्या शुक्रवारपर्यंत घरात. टोपली आमच्याकडे राहायची, कारण इनासचा स्वतःवर विश्वास नव्हता. आठवडाभर तो या ना त्या निमित्ताने खाली यायचा, मीठ संपलंय, बल्ब गेलाय, आणि टोपलीवर वाकून वास घेऊन जायचा. मी म्हणायचे, इनासभाऊ, आंबट आहेत ती, दर वर्षी असतात. तो म्हणायचा, "वहिनी, या वर्षीची कुणी खाल्लीत?" 

यंदाच्या वसंतात तो निवृत्त होऊन रेजिनासह वसईला गेला. निघताना टोपली विमानात हातात घेऊन जाण्याचा विचार होता, मग स्वतःच म्हणाला, "वसईत टोपल्या घरोघर आहेत. मस्कतमध्ये ही एकच आहे. राहू द्या." ऑक्टोबरात आगेऱ्याला पुढच्या रांगेत उभा राहीन, असं तो विमानतळावर सामान चढवणाऱ्यांनासुद्धा सांगत होता. ऑगस्टमध्ये गेला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि काही आठवड्यांसाठी हुकलं... याचा मला अजून राग येतो. कुणावर ते सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी श्रीकांतने न विचारता गाडी काढली आणि मी न विचारता टोपली घेतली. नासरने आमच्या मागे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. श्रीकांतने सांगितलं. म्हातारा बराच वेळ तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत राहिला. मग चाकू काढून त्याने सफरचंद कापलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि फोड माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. आंबट होती.

आता टोपली ओट्यावर आहे. श्रीकांत येता-जाता वाकून वास घेतो आणि पाणी प्यायला आलो होतो म्हणतो. काल त्याने एक फळ उचललं, तेव्हा त्याच्यावर ओरडले ती मीच. नंतर रेजिनाला फोन केला. ती म्हणाली, "आमच्याकडे आगेरा रविवारी. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे शुक्रवारी," मी म्हटलं.

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "बघा वहिनी, जन्मभर त्याला एक मिळेना. आता एकाच आठवड्यात दोन."