घोड्याला पाणी दाखवायचं राहिलं

मी शिकवत होते त्या शाळेत भूगोलाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘शेरीफ’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळा सुटली की ते घरी जाऊन वेस्टर्न कादंबऱ्या लिहीत. खिशात मावणारी, पिवळट कागदाची पुस्तकं. मुखपृष्ठावर धूळ, पिस्तूल आणि मावळता सूर्य. सगळ्या पुस्तकांचा नायक एकच, एक अबोल घोडेस्वार. तो गावोगाव हिंडायचा, गुंडांना सरळ करायचा आणि कुणी आभार मानायच्या आत निघून जायचा. त्याचं घर कुठंतरी डोंगरापलीकडे होतं, पण तिकडे जाणं दर पुस्तकात लांबणीवर पडे.

सर स्वतः अमेरिकेतल्या त्या मुलखात कधी गेले नव्हते. नकाशे मात्र तोंडपाठ. घोड्यावर ते आयुष्यात एकदाच बसले, पुस्तकामागच्या फोटोसाठी. फोटो झकास आला. सरांना खाली उतरवायला दोन माणसं लागली, ते फोटोत दिसत नाही.

प्रकरण लिहून झालं की सर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचून दाखवत आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी चिरता चिरता ऐकत. गोळीबार, दरोडा, प्रेमप्रकरण, कशालाच त्यांची हरकत नसे. प्रश्न एकच असे.

“आणि घोडा? सकाळपासून पळतोय तो. त्याला पाणी कोण दाखवणार?”

“अगं, मागे डाकू लागलेत.”

“त्यांचेही घोडे तहानलेले असतील. थांबतील तेही.”

मग सर कुरकुरत एक ओढा घालत. पुढे पुढे वाचकांनाही त्या ओढ्यांची सवय झाली.

शनिवारी ग्रंथालयाच्या दाराशी दोघं घडीचं टेबल मांडून पुस्तकं विकायला बसत. सरांच्या डोक्यावर नाटकवाल्यांकडून आणलेली रुंद काठाची टोपी. ती कानांपर्यंत खाली यायची. वहिनी शेजारच्या स्टुलावर. कुणी पुस्तक उचललं की त्या खालच्या आवाजात सांगत, “हे नका घेऊ, यात घोड्याचे फार हाल आहेत. ते घ्या.”

“अगं, आपण विकायला बसलोय,” सर म्हणत.

“मग मी दुसरं काय करतेय?”

सर आणि मी एकदमच निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या वर्षी वहिनींचा आजार कळला. बरा होणारा नव्हता. त्याच सुमारास प्रकाशकानं सांगितलं की मालिका आता बंद करतोय, शेवटच्या पुस्तकात नायकाला घरी पोचवा. सर वहिनींच्या पलंगाशी बसून त्या पुस्तकाचं एकेक प्रकरण वाचू लागले.

“एवढा शेवट ऐकून जाईन म्हणते,” वहिनी एकदा सहज म्हणाल्या.

ते वाक्य सरांनी धरून ठेवलं. शेवट ऐकून जाणार, तर शेवटच यायला नको. नायकाला घराचं धुराडं दिसू लागलं की कुठं पूल तुटे, कुठं वादळ उठे. प्रकाशकाचे फोन येत.

“सर, मागच्या महिन्यात माणूस दारात पोचला होता की.”

“रस्ता चुकला.”

“भूगोलाच्या मास्तरांचा नायक रस्ता चुकला?”

एका दुपारी मी तिथंच होते. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, “अहो, चार प्रकरणं झाली. घोड्याला पाणी दाखवलं नाहीत.”

सरांनी पानं मागे उलटली. खरंच नव्हतं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

“वाटेत ओढाच लागला नाही,” ते पुटपुटले.

“वाटा तुमच्या, ओढे तुमचे.” वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, “दमलाय हो तो. जाऊ द्या आता घरी. घरी कोण आहे ते मला ऐकायचंय.”

“उद्या वाचतो.”

“उद्या नक्की?”

“नक्की.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. सरांनी वाचलं. घोडा ओढ्यावर आला, मान खाली घालून पोटभर प्याला, त्याच्या नाकपुड्यांपाशी पाणी कसं थरथरलं तेही होतं. सरांनी इतकं सुंदर कधी लिहिलं नव्हतं. पण प्रकरण संपलं तेव्हा घोडेस्वार ओढ्याच्या अलीकडेच होता.

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. शेवटाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

सरांनी पुढं एक ओळ लिहिली नाही. प्रकाशकानं कचेरीतल्या कुणाकडून तरी शेवटची पानं लिहून घेतली आणि पुस्तक काढलं. शनिवारी सर टेबल घेऊन ग्रंथालयाशी बसले. टोपी होती. शेजारी वहिनींचं स्टूलही मांडलं होतं, म्हणून मी त्यावर बसले नाही, उभीच राहिले.

एका गृहस्थांनी पुस्तक चाळत विचारलं, “काय हो, शेवटी घरी कोण भेटतं त्याला?”

“ठाऊक नाही. शेवट मी वाचलेला नाही.”

गृहस्थ हसले, पैसे देऊन गेले. सर बराच वेळ टोपीचा काठ चाचपत राहिले.

“बाई,” ते मला म्हणाले, “घरी कोण आहे ते मला पहिल्या पुस्तकापासून माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. सांगून टाकायला हवं होतं तिला.”